सी मधलं डिरनेम: पाथमधून फोल्डर काढायला हेच वापरा, पण कॉपी देऊनच

फाइलचा पूर्ण पाथ (ती कुठल्या फोल्डरात आहे त्यासकट पत्ता) हातात आहे आणि त्यातला फोल्डर तेवढा हवाय, म्हणजे कॉन्फिग शेजारीच शोधायचीय किंवा लॉग तिथेच टाकायचाय, तर सी लिहिणारे बरेच जण सरळ स्ट्रआरचर या फंक्शनने शेवटचा स्लॅश शोधतात, त्या जागी शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण, ठेवतात आणि पुढे जातात. माझं प्रामाणिक मत आहे की हे करू नका, लिबजेन डॉट एच या हेडरमधलं डिरनेम हे फंक्शन वापरा. पाचपैकी साडेतीन स्टार देतो. उत्तर बरोबर देतं म्हणून एवढे, आणि ते उत्तर कुणाच्या मेमरीत ठेवलंय हे धड सांगत नाही म्हणून दीड कापला.

आधी चांगलं सांगतो. '/व्हार/लॉग/ॲप.लॉग' दिलं की '/व्हार/लॉग' मिळतं, हे कुणालाही जमेल. खरी परीक्षा कडेच्या केसेसना असते. नुसतं 'ॲप.लॉग' दिलं, स्लॅशच नाही, तर स्ट्रआरचर नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला पॉइंटर, देतं आणि तपासलं नसेल तर प्रोग्रॅम तिथेच आडवा. डिरनेम मात्र '.' देतं, म्हणजे चालू फोल्डर, जे अगदी बरोबर आहे. '/कोअर' मध्ये शेवटचा स्लॅश म्हणजेच रूट, तिथे कापलं की हातात रिकामी स्ट्रिंग आणि ती फोल्डर उघडणाऱ्या ओपनडिरला दिली की एरर, डिरनेम मात्र '/' देतं. '/व्हार/लॉग/' असं शेवटी स्लॅश असलेलं आलं तर तो शेवटचा स्लॅश ते धरतच नाही, '/व्हार' देतं. रिकामी स्ट्रिंग किंवा नल दिला तरी '.' येतं, क्रॅश नाही. हे सगळं पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्ये, लिहिलेलं आहे, कुणाच्या मर्जीवर नाही.

आता दीड स्टार कुठे गेला ते. पॉझिक्स म्हणतं की डिरनेम तुम्ही दिलेली स्ट्रिंगच बदलू शकतं, किंवा स्वतःच्या स्टॅटिक जागेचा पॉइंटर देऊ शकतं जी पुढच्या कॉलला पुसली जाईल, आणि यातलं काय होणार हे तुम्हाला आधी कळत नाही. लिनक्सवर ग्लिबसी आणि मसल या दोन्ही सी लायब्ररी तुमच्याच बफरमध्ये (स्ट्रिंग ठेवलेल्या मेमरीत) शून्य बाइट टाकतात. ओपनबीएसडी ही युनिक्ससारखी सिस्टिम स्वतःचा स्टॅटिक बफर वापरते. फ्रीबीएसडीने तर 12.0 मध्ये पद्धतच बदलली, आधी स्वतःचा बफर होता, आता तुमचाच वापरतात. म्हणजे एका मशीनवर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड दुसरीकडे नेला की मूळ पाथच कापलेला सापडतो आणि पुढे त्याच पाथवर एफओपन केलं की फाइलऐवजी फोल्डर उघडायला जातो, आणि माणूस बग भलतीकडेच शोधत बसतो.

सगळ्यात वाईट म्हणजे स्ट्रिंग लिटरल, म्हणजे कोडमध्येच कोट्समध्ये लिहिलेली स्ट्रिंग. डिरनेमला थेट 'एसआरसी/मेन.सी' असं कोट्समध्ये दिलं, किंवा कंपायलरचा फाइल मॅक्रो (चालू सोर्स फाइलचं नाव देणारा) दिला, तर लिनक्सवर रीड-ओन्ली मेमरीत लिहायला जातं आणि सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम क्रॅश. पण तेच नाव नुसतं 'मेन.सी' असेल तर स्लॅश नाही म्हणून काही लिहायचंच नसतं, गुपचूप '.' मिळतं आणि सगळं ठीक वाटतं! टेस्टमध्ये पास आणि बिल्ड दुसऱ्या फोल्डरमधून केला की फेल, ते यामुळे. जीसीसी कंपायलरचं -वॉल (नेहमीच्या वॉर्निंग्स चालू करणारा पर्याय) इथे गप्प बसतं, सी साठी राइट-स्ट्रिंग्स वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते, ती करा.

आणि जे परत मिळतं ते फ्री करू नका, त्याला स्ट्रकॅटने शेपूट जोडू नका. स्लॅश नसेल तेव्हा येणारं '.' हे ग्लिबसीच्या आतलं कॉन्स्टंट आहे (त्यांच्या सोर्समध्ये कॉमेंटच आहे की हे डिझाइन बरं नाही पण स्पेसिफिकेशनला असंच हवंय), त्यात लिहिलं की क्रॅश, आणि बफर तुमचाच असेल तर मूळ फाइलनेमवरच नवीन अक्षरं चढतात.

म्हणून पद्धत एकच. पाथची स्ट्रडपने कॉपी करा, ती कॉपी डिरनेमला द्या, जे मिळेल ते परत स्ट्रडप करा, पहिली कॉपी फ्री करा आणि दुसरी परत द्या. पाच-सहा ओळींचं फंक्शन होतं, मॅलॉक (मेमरी मागणं) फेल झाला का तेवढं तपासा, आणि प्रोजेक्टमध्ये सगळीकडे तेच वापरा, थेट डिरनेम कुणी बोलवायचं नाही असा नियमच करा. बेसनेमपण (पाथमधलं नुसतं फाइलचं नाव) हवं असेल तर त्याला वेगळी कॉपी, एकाच स्ट्रिंगवर दोन्ही चालवली की दुसऱ्याचं उत्तर चुकू शकतं. थ्रेड्स असतील तर ग्लिबसीत काळजी नाही, पण पॉझिक्सच्या जुन्या आवृत्त्या तशी हमी देत नाहीत, स्टॅटिक बफरवाल्या सिस्टिमवर लॉक लागेल.

प्रोजेक्टमध्ये जीलिब ही वेगळी सी लायब्ररी आधीच असेल तर त्यांचं जी_पाथ_गेट_डिरनेम जास्त सुखाचं आहे, नवीन स्ट्रिंग देतं, जी_फ्री केलं की विषय संपला. फरक एवढाच की शेवटी स्लॅश असेल तर 'ए/बी/' चं ते 'ए/बी' देतं आणि पॉझिक्सवालं 'ए', त्यामुळे दोन्ही मिसळू नका. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या सी लायब्ररीत डिरनेम नाहीच, तिथे _स्प्लिटपाथ_एस घ्या, ड्राइव्ह आणि फोल्डर वेगवेगळे मिळतात, ते जोडायचं काम तुमचं.

एक अपेक्षा मात्र याच्याकडून ठेवू नका. हे फक्त अक्षरं बघतं, डिस्क बघत नाही. पाथ सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असेल तर लिंक जिथे पडलीय तो फोल्डर मिळतो, खरी फाइल जिथे आहे तो नाही, आणि 'ए/..' ('..' म्हणजे वरचा फोल्डर) दिलं तर उत्तर 'ए' येतं. खरा फोल्डर हवा असेल तर आधी रियलपाथला दुसरं आर्ग्युमेंट नल देऊन पाथ सोडवून घ्या, ती स्ट्रिंग मॅलॉकची आणि तुमचीच असते त्यामुळे डिरनेमला बिनधास्त देता येते, फक्त शेवटी फ्री करताना रियलपाथने दिलेलाच पॉइंटर फ्री करा.