रेकॉर्डर म्हणून गळ्यात मारलेला प्लेअर

चतुर्थीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी खाली येतात. कोणाचं लग्न, कोणाची मुंज, गावच्या जत्रेतला दशावतार. मुंबईकर मंडळी यायच्या आत हे सगळं डीव्हीडीवर करून ठेवू, असा बेत घराघरात शिजतो. नेमकं याच सुमारास आमच्या सिंधुदुर्गात जुने डीव्हीडी रेकॉर्डर विकणाऱ्यांचं फावतं. गेल्या वर्षी मला साडेआठ हजारांची टोपी घातली. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतलं, बरंच जुनं दुकान आहे, एवढंच सांगतो.

मला हवं होतं ते साधं होतं. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी डिस्क आणि मधे कॉम्प्युटरची भानगड नको. वडिलांनी हौशी मंडळात केलेला दशावतारातला संकासुर एका कॅसेटवर आहे, तो आधी वाचवायचा होता. अशी यंत्रं आता जुनीच मिळतात. फुनाई ही जपानी कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत होती, तिनेही २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो घासाघीस करत नाही, 'दुसरीकडे मिळाला तर घ्या' म्हणतो.

दुकानात दाखवण्याचा कार्यक्रम झकास झाला. कॅसेट घातली, चित्र आलं. डिस्क घातली, गाणी लागली. मग परत कॅसेट आत ढकलून त्याने समोरचं लाल बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपका आला, शेजारी 'आरईसी' अशी अक्षरं. "बघा भाऊ, रेकॉर्डिंग सुरू." कोरी डिस्क लावून दाखवा म्हटलं, तर कोऱ्या डिस्क नेमक्या त्या दिवशी संपलेल्या. "कुठलीही घ्या, चालते."

घरी कोरी डिस्क घातली की यंत्र विचार केल्यासारखं घुर्र करायचं आणि 'नो डिस्क' म्हणायचं. फोन केला तर डिस्क हलकी असेल. महागातली आणली तर लेन्सवर धूळ असेल. धूळ पुसली तर "गणपती होऊन जाऊंदेत, मग बघू". हे सगळं टोलवणं ठरवून चाललेलं असतं.

उलगडा केला तो गावातल्या तात्यांनी. नव्वदच्या दशकात पॅनासॉनिकचा एम नाइन थाउजंड कॅमेरा खांद्यावर घेऊन अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी शूट केली आहेत. त्यांनी यंत्र उचललं, पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्या मशीन टेपेवर भरता. डिस्क नुसती वाजयता."

एकाच डब्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी प्लेअर, अशी कॉम्बो यंत्रं एके काळी खूप खपली. त्यांच्यावर लाल बटण असतंच, पण ते व्हीसीआरचं असतं. टीव्हीवरचा कार्यक्रम कॅसेटवर घ्यायला. डिस्कशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुकानदाराने बटण दाबलं तेव्हा आत कॅसेट होती, म्हणजे रेकॉर्डिंग खरोखरच सुरू झालं होतं, फक्त कॅसेटवर. खोटं शब्दांत होतं, यंत्रात नव्हतं. म्हणून तर ते पकडायला अवघड.

मी आणि तात्या दोघे जाऊन उभे राहिल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. पैसे परत द्यायची तयारी नव्हतीच, पण वर तीन हजार घेऊन 'खराखुरा' रेकॉर्डर देतो म्हणाला. अमेरिकेतून आलेला, मल्टी सिस्टीम, म्हणजे कुठल्याही देशाच्या पद्धतीची कॅसेट चालणारा. मागे लाल रंगाचं 'मल्टी' असं स्टिकर होतं. तात्यांनी नखाने त्याचा कोपरा उचलला, तर खाली कंपनीची मूळ पट्टी: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या घरात येते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. "ट्रान्सफॉर्मर देतो ना फुकट," म्हणाला.

ट्रान्सफॉर्मरने वीज जमेल, चित्र कसं जमणार? आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतली पद्धत एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३०. फक्त एनटीएससी समजणाऱ्या यंत्रात माझी लग्नाची कॅसेट घातली तर पडद्यावर आडव्या पट्ट्या आणि गरगरणारं चित्र. संकासुराची कॅसेट मी त्यात घालू दिली नाही. तिच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. आपल्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी धरतेच. तशी कॅसेट लावली तर व्हीसीआरच्या हेडला ती चिकटते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. ती आधी जाणत्याकडून साफ करून घ्यावी लागते. हा दुकानदार मात्र "घाला हो, चालते" म्हणत हात पुढे करत होता.

शेजारच्या वाडीतल्या वहिनींना याच दुकानाने वेगळ्या प्रकारे कापलं. त्यांनी यंत्र घेतलंच नाही, कॅसेटीच दुकानात भरायला दिल्या. दर कॅसेटीमागे पैसे मोजून घेतले आणि दोन-दोन तासांच्या तीन कॅसेटी एका डिस्कवर कोंबल्या. साध्या डिस्कची जागा ४.७ जीबी. चांगल्या प्रतीत तिच्यावर एक तास, ठीकठाक प्रतीत दोन तास बसतात. सहा तास भरले की नवरीचा चेहरा चौकोनांचा होतो. बरं, ती डिस्क वहिनींच्या प्लेअरवर लागेचना. दुकानात लागते, घरी नाही. कारण डिस्क फायनलाइज केलेली नव्हती. रेकॉर्डिंग संपल्यावर मेनूत जाऊन ते करायचं असतं, मगच साधी डीव्हीडी-आर इतरांच्या प्लेअरवर भरवशाने चालते. काही मिनिटांचं काम. त्याचे याने डिस्कमागे निराळे पैसे मागितले, 'लॉकिंग चार्ज' म्हणून!

तात्या आता कोणालाही सांगतात की बटणं, स्टिकर, रिमोट काही बघू नका. कोरी डिस्क आणि आपली एक चांगली, बिनबुरशीची कॅसेट घेऊनच दुकानात जा. पाच मिनिटं त्याच्यासमोर डिस्कवर भरा, फायनलाइज करा आणि ती डिस्क दुकानातल्याच दुसऱ्या साध्या प्लेअरवर लावायला सांगा. लागली तर भावाची गोष्ट. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर या वेगळ्या जाती आहेत. काही यंत्रं एकच घेतात, म्हणून कोणती घेतं ते आधी विचारा. विकत आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटी बहुतेकदा भरल्या जाणार नाहीत, त्यांच्यात कॉपी होऊ नये म्हणून सोय केलेली असते. तो यंत्राचा दोष नव्हे.

'आत ट्यूनर आहे, टायमर आहे' असं सांगून कोणी हजार-दोन हजार जास्त मागत असेल तर सरळ नाही म्हणा. ते ट्यूनर जुन्या अॅनालॉग केबलसाठी होते. केबल सेट-टॉप बॉक्सवर गेल्यापासून त्यांना पकडायला काही उरलेलं नाही. फार तर बॉक्समधून पिवळी-लाल-पांढरी वायर जोडून भरता येईल.

बिलाचंही सांगतो. मला मिळाली ती कच्ची चिठ्ठी, त्यावर 'डीव्हीडी १ नग' आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. प्लेअर की रेकॉर्डर, याचा पत्ता नाही. पैसे द्यायच्या आधी बिलावर 'रेकॉर्डर, कोऱ्या डिस्कवर रेकॉर्ड करतो' असं लिहून मागा. खोटं विकणाऱ्याचं पेन तिथे अडतं. आणि त्या खालच्या ओळीला भिऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. माझ्या दुकानदाराचं 'गणपती होऊंदेत' कशासाठी होतं, हे मला ते वाचल्यावर कळलं.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाला विचारणा गेल्यावर पाच हजार परत आले. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. दुकानदाराने मला फोनवर दिलेली कारणं व्हॉट्सअॅपवरही लिहून पाठवली होती, ती आता माझ्या कामाला येताहेत.

कॉम्बो माझ्याकडेच आहे, पुरावा म्हणून. तो अमेरिकन रेकॉर्डर मात्र परवा त्याच दुकानाच्या शेल्फवर पाहिला. चंदेरी रंग, डिस्कच्या कप्प्यावर उजवीकडे ओरखडा. मागे नवं लाल स्टिकर डकवलंय, आणि किंमत बारा हजार.