माजी सैनिकांच्या तपासणीत उत्तरं खरी किती: पीएआय की एमएमपीआय-२-आरएफ?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) तपासण्या नव्याने हाती घेतलेले मराठी सहकारी हमखास विचारतात, पीएआय आणि एमएमपीआय-२-आरएफ या स्वतःबद्दलची विधानं तपासून भरायच्या मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांतली कुठली घ्यावी? मी दोन्ही वापरल्या आहेत. आता बहुतेक वेळा एमएमपीआय-२-आरएफच काढतो.

पीएआयचं एक सुख मोठं आहे. तिथे चार पर्याय असल्यामुळे ‘थोडंसं खरं’ म्हणायची सोय असते. एमएमपीआय-२-आरएफच्या नुसत्या खरं-खोटंवर काही सैनिक अडून बसतात, ‘कधी कधी होतं, मग काय लिहू?’ म्हणतात. कंटाळून कशाही केलेल्या खुणा दोन्हीकडे पकडल्या जातात. त्यात मला तरी फारसा फरक जाणवला नाही.

अडचण आहे ती एनआयएमची, म्हणजे माणूस स्वतःला आहे त्याहून वाईट दाखवतोय का हे बघणाऱ्या पीएआयच्या मापाची. विधानं नऊच. काही विचित्र लक्षणांची, काही ‘सगळंच संपलंय’ अशा सुराची. इराकहून परतलेला, रात्ररात्र जागणारा, कुठेही गेला तरी दाराकडे तोंड करून बसणारा माणूस ही दुसऱ्या प्रकारची विधानं प्रामाणिकपणेच ‘अगदी खरं’ म्हणून भरतो. स्कोअर ९२ वर गेला की अहवालात अतिशयोक्तीचा शेरा पडतो आणि भरपाईचा दावा तपासणाऱ्याच्या नजरेत तेवढाच भरतो. दुसरीकडून आलेल्या अहवालातला असाच शेरा दाखवून एका सैनिकाच्या बायकोने मला विचारलं, ‘म्हणजे तो खोटं बोलतोय, असंच ना?’ तेव्हापासून माझं मन पीएआयवरून उडालं. ढोंग ओळखायला एमएएल, आरडीएफ हे पीएआयचे आणखी निर्देशांक मदतीला आहेत, हे मान्य. पण शेरा पडतो तो बहुधा एनआयएमवरच.

एमएमपीआय-२-आरएफमधला एफ-आर, अतिशयोक्ती पकडणारा निर्देशांक, हाही असाच फुगतो. सर्वसाधारण लोक जी उत्तरं क्वचित देतात त्यांवरच तो बेतलेला, आणि लढाईतून आलेला माणूस त्या सर्वसाधारण लोकांत बसत नाही. पण त्याच्या जोडीला एफपी-आर हा दुसरा निर्देशांक आहे. त्यातली विधानं मानसोपचार विभागात दाखल झालेले रुग्णसुद्धा सहसा खरी म्हणत नाहीत. एफ-आर चढलेला आणि एफपी-आर खाली असेल, तर त्रास खरा असावा असं मी आधी धरतो. व्हीरिन-आर, ट्रिन-आर (विसंगत किंवा न वाचता दिलेली उत्तरं पकडणारे निर्देशांक) ठीक असूनही एफपी-आर १०० च्या घरात असेल, तर मात्र जुन्या नोंदी काढून मुलाखत पुन्हा घेतो. नुसत्या आकड्यावर कुणाला ढोंगी ठरवू नये, हे दोन्हीकडे सारखंच.

त्याच प्रश्नावलीतला एफबीएस-आर, शरीराच्या आणि स्मरणाच्या तक्रारी फुगवून सांगितल्यात का हे बघणारा, जरा जपून वाचा. स्फोटात खरोखर जखमी झालेल्यांचाही तो चढतो. लपवाछपवीचं म्हणाल, उदाहरणार्थ उड्डाणाची परवानगी जाऊ नये म्हणून सगळं ठीक सांगणारा वैमानिक, तर तिथे पीएआयच्या पीआयएमवर, म्हणजे स्वतःला आहे त्याहून चांगलं दाखवणं पकडणाऱ्या मापावर, मी समाधानी आहे. एमएमपीआय-२-आरएफमधला त्याच कामाचा एल-आर धार्मिक वळणाच्या घरात वाढलेल्यांमध्ये उगाच वर जातो.

नव्याने खरेदी करणार असाल तर २०२० ची एमएमपीआय-३ बघा, एफपी तिच्यातही आहे. खरं-खोटंवर अडून बसणाऱ्याला मी अजूनही पीएआयच देतो.