‘रेझिन’ सांगून थर्माकोल: फिश टँकच्या बॅकग्राउंडमध्ये झालेली फसवणूक

गेल्या जुलैमध्ये ठाण्यातील आमच्या घरच्या फिश टँकला मी मागच्या काचेला आतून बसवायचे थ्रीडी, म्हणजे उठावाचे, बॅकग्राउंड करून घेतले आणि नऊ दिवसांत टँकमधील सोळा माशांपैकी अकरा मासे मेले. पैसे गेले ते साडेसहा हजार रुपये. पण मनाला अधिक लागले ते माशांचे, कारण त्यांतील दोन एंजेल चार वर्षांपासून आमच्याकडे होते आणि सकाळी झाकण उघडल्याचा आवाज आला की समोरच्या काचेशी येऊन थांबत. मला ज्या पद्धतीने फसवले गेले ती पद्धत अगदी साधी आहे आणि याच हौसेपोटी उद्या दुसरे कोणीही तिला बळी पडू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. त्यात चार एंजेल, दहा विडो टेट्रा आणि तळाशी फिरणारे दोन कोरी होते. मागच्या काचेला इतकी वर्षे दुकानात फुटावर मिळते ते छापील पोस्टर लावलेले होते, एका बाजूला पाणवनस्पती आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेले. ओल आत शिरून त्याला पोपडे आले होते. त्याच सुमारास मोबाइलवर एका कारागिराचे व्हिडिओ दिसले. खडकाची कपार, तीतून बाहेर आलेली मुळे आणि समोरून जाणारे मासे पाहून मुलीने हट्ट धरला आणि खरे सांगायचे तर मलाही ते फार आवडले.

तो माणूस घरी आला, टँकची मापे घेतली आणि पिशवीतून तळहाताएवढा नमुना काढून माझ्या हातात दिला. तो नमुना जड होता, नखाने ओरखडा उठत नव्हता, टिचकी मारली की टणक वाजत होता. ‘‘काका, हे पूर्ण रेझिनचं काम आहे, पाण्यात दहा वर्षं राहिलं तरी काही सोडणार नाही,’’ असे त्याने सांगितले. रेझिन म्हणजे वाळल्यावर टणक होणारे, प्लॅस्टिकसारखे द्रव्य. माझा विश्वास बसला तो त्याच्या शब्दांवर नव्हे, तर हातातल्या त्या तुकड्यावर. तो तुकडा खराच असावा. पण टँकमध्ये जे आले ते त्या तुकड्याचे भावंडही नव्हते. नमुना त्याने जाताना आठवणीने परत घेतला, याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आठ दिवसांनी तो दोन भागांत केलेले बॅकग्राउंड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून घेऊन आला. मी मदतीला हात पुढे केला तर ‘‘कडा नाजूक आहेत, तुम्ही धरू नका,’’ म्हणाला. त्यामुळे वजन किती आहे हे मला कळलेच नाही आणि मागची बाजू तर दिसलीच नाही, कारण वेष्टन काढले ते टँकच्या आत ठेवतानाच. मासे बादल्यांत काढले होते. त्याने सिलिकॉनने दोन्ही भाग चिकटवले, चार तास थांबून पाणी भरले आणि संध्याकाळी मासेही आत सोडले. सिलिकॉन नीट वाळायला किमान चोवीस तास द्यावे लागतात, जाड थराला त्याहून अधिक, हे मला माहीत होते. तरीही ‘‘हा लवकर सेट होणारा आहे’’ या उत्तरावर मी गप्प बसलो, ही माझी चूक. बिल मागितले तेव्हा त्याने कागदावर लिहून दिले: ‘बॅकग्राउंड, 1 नग, 6,500.’ कशाचे बॅकग्राउंड, हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही.

पहिले दोन दिवस टँक खरोखर सुंदर दिसला. तिसऱ्या दिवशी सकाळी टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून उभे होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते. हवा कमी पडत असेल म्हणून मी दुसरा एअर पंप लावला. चौथ्या दिवशी दोन टेट्रा मेले आणि तेव्हा मी पीएचचे, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते मोजायचे, किट काढले. आमच्या टँकचे पाणी नेहमी 7च्या आसपास असते आणि थेंब टाकल्यावर नळीत हिरवट रंग येतो. त्या दिवशी नळी गडद निळी झाली. तो तक्त्यावरचा शेवटचा रंग, 7.6चा. त्यापुढचे हे किट दाखवतच नाही, म्हणून वरच्या पट्ट्याचे दुसरे किट आणले, तर त्यात 8.6 आले.

पीएच असा का चढला, याचे उत्तर सहाव्या रात्री मिळाले. अकराच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि जाऊन पाहतो तर डावा भाग काचेपासून सुटून वर उसळला होता आणि झाकणाला टेकला होता. त्याची मोडलेली कड पाण्यात होती आणि तिच्यातून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे सुटून पाण्यावर पसरत होते. आत सगळे थर्माकोल होते. वर बोटाच्या पेराएवढाही नाही असा सिमेंटचा थर आणि त्यावर रंग. रेझिनचा मागमूस नव्हता. मोडलेल्या कडेवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर बारीक फेस आला, जसा चुनखडीवर येतो.

थर्माकोल आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी बाजूला सारते. आमच्या टँकच्या मापाचा दीड-दोन इंच जाडीचा थर पाण्यात दाबून धरला तर तो पंधरा ते वीस किलोच्या जोराने वर उचलतो आणि तो जोर पेलायला अर्धवट वाळलेल्या सिलिकॉनच्या चार रेघा पुरत नाहीत. सिमेंटचे म्हणाल तर ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. ठाण्यात आम्हाला मिळणारे धरणाचे पाणी मृदू असल्याने त्यात हा चुना सोसण्याची ताकद फार थोडी असते आणि पीएच झपाट्याने चढतो. माशांच्या विष्ठेतून टँकमध्ये अमोनिया तयार होतच असतो. पीएच 7 असताना त्यातला विषारी भाग शंभरात एकही नसतो, 8ला तो पाच-सहापर्यंत जातो आणि साडेआठच्या पुढे पंधराच्याही वर. म्हणजे तेवढ्याच माशांचे, तेवढ्याच खाण्याचे पाणी केवळ पीएच चढल्यामुळे जहाल होते.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या कचऱ्याच्या डब्यात त्याने टाकलेली सिलिकॉनची नळी सापडली. तिच्यावर बाथरूमसाठी, बुरशीरोधक, असे छापलेले होते. बुरशी रोखण्यासाठी घातलेले द्रव्य माशांनाही मारक असते, म्हणूनच टँकसाठी बुरशीनाशक नसलेले साधे सिलिकॉन वापरतात. ही नळी मी जपून ठेवली आहे.

उरलेले मासे मी मोठ्या टबमध्ये हलवले, अमोनिया पचवणारे जिवाणू असलेला जुन्या फिल्टरचा स्पंज त्यात टाकला आणि पाणी एकदम न बदलता रोज थोडे थोडे बदलत पीएच खाली आणला, कारण पीएच अचानक उतरला तर त्याचाही माशांना धक्का बसतो. तरी नवव्या दिवसापर्यंत आठ टेट्रा, दोन एंजेल आणि एक कोरी गेले होते.

थर्माकोल आणि सिमेंटचे बॅकग्राउंड मुळातच वाईट असते असे माझे म्हणणे नाही. अनेक हौशी लोक ते घरी करतात. पण सिमेंट कित्येक आठवडे पाण्यात मुरवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, वर इपॉक्सी या रेझिनचा थर देऊन आणि नीट जखडून मगच मासे सोडतात. या कारागिराने त्यातले काहीही केले नाही आणि किंमत मात्र रेझिनची घेतली.

फोन केला तेव्हा त्याने ‘‘काका, तुम्ही खाणं जास्त टाकलं असेल,’’ असे उत्तर दिले. फोटो पाठवले, तर त्याने माझा नंबरच ब्लॉक केला. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कागद गोळा करताना माझ्या हाती काय नव्हते तेही लक्षात आले. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद होती, फोटो होते. पण माल रेझिनचा सांगितला होता हे दाखवणारी एक ओळही नव्हती. सगळे बोलणे तोंडी आणि फोनवर झाले होते. साहित्याचे नाव मी मेसेजवर विचारले असते किंवा बिलावर लिहून घेतले असते, तर आज माझी बाजू फार भक्कम झाली असती. नमुन्याचा फोटो काढायलाही विसरलो.

ज्यांना असे बॅकग्राउंड घ्यायचेच आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की माल आल्यावर तो त्याच दिवशी बसवू देऊ नका. आधी मागची बाजू पाहा, हाताने उचलून पाहा, बादलीत बुडवून तो वर येतो का ते पाहा. मग त्याच साच्यातला आणि त्याच मालाचा एक तुकडा मागून घ्या, घरच्या पाण्याच्या बादलीत आठ दिवस ठेवा, शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी बादली ठेवा आणि दोन्हींचा पीएच मोजा. जो कारागीर या आठ दिवसांना नकार देतो, त्याच्याकडून काम घेऊ नका.

आमच्या टँकला आता बाहेरून साबणाच्या पाण्यावर चिकटवलेली साधी काळी फिल्म आहे. तिच्यासमोर राहिलेल्या दोन एंजेलच्या अंगावरचे पट्टे पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात. मोडलेल्या बॅकग्राउंडचा एक तुकडा तक्रारीसाठी म्हणून मी गॅलरीत बादलीत ठेवला आहे आणि दर रविवारी त्याचे पाणी बदलण्याआधी पीएच मोजून तारखेसह वहीत लिहितो. मागच्या रविवारी आठवी नोंद केली. थेंब टाकताच नळी पुन्हा निळी झाली.