आठ महिने स्वतःच्या बळावर पायथॉनचा सराव: साधने आणि चुकांची वही

गेले आठ महिने मी कोणतीही शिकवणी न लावता पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा सराव करत आहे आणि त्यासाठी एक्झरसिझम आणि प्रोजेक्ट ऑयलर ही सरावाची संकेतस्थळे, पायथॉनसोबतच येणारा डीबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून ओळीओळीने तपासण्याचे साधन) आणि एक साधी वही या चार गोष्टी नियमितपणे वापरत आहे. त्याआधी बराच काळ मी व्हिडिओ पाहून शिकत होते. शिकवणाऱ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ कळत असे, परंतु रिकामी फाइल उघडून बसले की सुरुवात कोठून करावी हेच सुचत नसे.

एक्झरसिझम हे विनामूल्य संकेतस्थळ कॅटरिना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केले. येथे प्रत्येक उदाहरणासोबत टेस्ट, म्हणजे आपला कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, तयार मिळतात. उदाहरण आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे आणि सर्व टेस्ट पास होईपर्यंत कोड सुधारत राहायचा. मला सर्वाधिक उपयोग झाला तो स्वयंसेवी मार्गदर्शकांचा. लीप वर्ष ओळखण्याच्या अगदी सोप्या उदाहरणात मी एकात एक चार इफ (अट तपासणाऱ्या ओळी) लिहिले होते आणि सर्व टेस्ट पासही झाल्या होत्या. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले की, अट स्वतःच खरी किंवा खोटी असते, मग ती तपासून पुन्हा ट्रू किंवा फॉल्स परत करण्याची गरज काय? चारने भाग जातो, शंभरने जात नाही किंवा चारशेने जातो, एवढी एकच ओळ उरली. टेस्ट पास होणे आणि कोड चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगले.

प्रोजेक्ट ऑयलर २००१ पासून चालू आहे. तेथे कोड तपासला जात नाही, फक्त उत्तर तपासले जाते. पहिलेच उदाहरण १००० पेक्षा लहान असलेल्या, ३ किंवा ५ च्या पटीतील सर्व संख्यांची बेरीज मागते आणि साधा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) २३३१६८ हे उत्तर लगेच देतो. मात्र १००० च्या जागी फार मोठी संख्या घेतली की लूप संपता संपत नाही. ३ च्या आणि ५ च्या पटींची बेरीज सूत्राने काढून त्यातून १५ च्या पटींची बेरीज वजा केली, तर उत्तर क्षणात मिळते. पुढील उदाहरणांत गणिताचा भाग वाढत जातो, त्यामुळे केवळ कोड लिहिण्याचा हात बसवायचा असेल तर सुरुवातीची काही डझन उदाहरणे पुरेशी आहेत, असे माझे मत आहे.

डीबगरकडे मी उशिरा वळले. पायथॉन ३.७ पासून कोडमध्ये नुसते ब्रेकपॉइंट हे फंक्शन (नावाने बोलावून चालवता येणारा कोडचा तुकडा) बोलावले की प्रोग्रॅम त्या जागी थांबतो. गुण नोंदवण्याच्या माझ्या एका प्रोग्रॅममध्ये एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या यादीत दिसत होते आणि जागोजागी प्रिंट लिहून तीन संध्याकाळी गेल्या तरी कारण सापडेना. शेवटी एकेक ओळ चालवताना, पुढची ओळ चालवण्यापूर्वी तिचा परिणाम काय होईल हे मी कागदावर लिहू लागले. फंक्शन दुसऱ्यांदा बोलावले तेव्हा यादी रिकामी असेल असे मी लिहिले होते, प्रत्यक्षात तिच्यात आधीचे गुण होते. मी पॅरामीटरचे डीफॉल्ट मूल्य, म्हणजे फंक्शनला काहीच न दिल्यास धरले जाणारे मूल्य, म्हणून रिकामी लिस्ट (यादी) दिली होती आणि पायथॉन ती लिस्ट फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार करतो, प्रत्येक वेळी नवी नाही. अंदाज आधी लिहून ठेवण्याची ही सवय मला चारही साधनांपेक्षा मोलाची वाटते.

वहीत प्रत्येक चुकीसाठी तीन ओळी असतात: काय दिसले, मी काय गृहीत धरले होते, प्रत्यक्षात काय होते. महिन्याअखेरीस पाने उलटली की त्याच त्या चुका डोळ्यांत भरतात. माझ्या बाबतीत रेंजचा (ओळीने आकडे देणाऱ्या फंक्शनचा) शेवटचा आकडा धरला जात नाही हे विसरणे आणि इनपुटमधून येणारी संख्या मुळात मजकूर असते हे विसरणे, या दोन सर्वाधिक वेळा आल्या. तिसऱ्या महिन्यात मी कोड सुचवणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक वापरून पाहिला. उदाहरणे झपाट्याने सुटली, पण त्या पंधरवड्यात वहीत एकही नोंद झाली नाही. नवशिक्याने सरावाच्या वेळी तो बंदच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या सरावात एक उणीव राहते. सगळी उदाहरणे लहान आणि एकट्याने लिहायची असल्यामुळे दुसऱ्याचा मोठा कोड वाचण्याचा अनुभव त्यांतून मिळत नाही. म्हणून महिनाभरापासून मी पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीतील (सोबत येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातील) लहान मॉड्यूल, म्हणजे कोडच्या फाइली, वाचत आहे. क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत शोध घेणाऱ्या बायसेक्ट या मॉड्यूलमध्ये मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनने भागले आहे. याच पद्धतीच्या ओळीमुळे जावा या दुसऱ्या भाषेच्या लायब्ररीत फार मोठ्या ॲरेवर (यादीवर) बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जात असे, आणि ही चूक २००६ मध्ये सर्वांसमोर आली. पायथॉनमध्ये पूर्णांकाला तशी ठरावीक मर्यादा नसल्याने ती ओळ येथे सुरक्षित आहे. हाच शोध आता मी सी भाषेत लिहायला घेतला आहे आणि बेरीज कोठे ओसंडेल याचा अंदाज वहीत आधीच लिहून ठेवला आहे.