गोधडीचा गोट: टाचणी, क्लिप की धावदोरा?

गोधडी भरून झाली, आता फक्त गोट राहिला, की हात घाई करायला लागतात. नेमकी तिथेच गोधडी बिघडते. पट्टी एका बाजूने शिवायची, कडेवरून पलीकडे वळवायची आणि टाका पडेपर्यंत जागची हलू द्यायची नाही, एवढंच काम असतं. ती कशाने धरायची हे ठरवण्याआधी आपल्या गोधडीची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. सोलापुरात आपण आत घालतो ती बहुतेक वेळा जुनी चादर. इथली जॅकार्डची सुती चादर कितीही धुतली तरी अंगाने भरीवच राहते. तिच्या वर-खाली साड्या आणि त्यावर दुहेरी गोट आला की कड चांगलीच जाड होते. व्हिडिओत दाखवतात त्या रजया पातळ अस्तराच्या असतात. तिथे जमतं ते या कडेवर जमेलच असं नाही.

टाचण्या घरात असतातच. पातळ गोधडीला, म्हणजे दोन साड्या आणि मध्ये एखादं जुनं धोतर एवढ्यालाच, त्या चांगल्या. गोट अगदी रेषेवर धरतात आणि कोपऱ्याची घडी टोकापर्यंत बसवता येते. पण आत चादर असली तर टाचणी वाकते. ती आत जाताना पट्टी पुढे ढकलते, आणि जिथे लावली तिथेच बारीक चुणी पडते. इस्त्री फिरवणार असाल तर काचेच्या डोक्याच्या घ्या, प्लास्टिकची डोकी वितळून कापडाला चिकटतात. पावसाळ्यात टाचून ठेवलेलं काम आठ-आठ दिवस पडू देऊ नका, गंजाचा डाग धुऊन जात नाही.

माझ्या हातून एकदा मशीनची सुई टाचणीवर आपटली आणि तिचं टोक तुटून गोधडीत गेलं. गोधडी बाळाची होती. लोहचुंबक फिरवून ते टोक सापडेपर्यंत जिवात जीव नव्हता. तेव्हापासून टाचण्या मोजून लावते आणि मोजून डबीत परत टाकते. बाळाच्या गोधडीला तर टाचणी लावतच नाही.

शिवणाच्या प्लास्टिक क्लिपा याच कामासाठी निघाल्या आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढी ही क्लिप एका अंगाने सपाट असते आणि दुसऱ्या अंगाने फुगीर. सपाट बाजू खाली ठेवली की कापड मशीनच्या पाटावरून सरळ सरकतं. जाड कड ती सहज पकडते, कापडाला भोक पडत नाही, बोटाला टोचत नाही. हाताने हेम घालणाऱ्यांसाठी तर मला याहून बरं काही दिसत नाही. मांडीवर गोधडी घेऊन बसावं, टाका जवळ आला की क्लिप काढून पुढे लावावी.

मशीनवर मात्र क्लिपेचा एक दोष लवकर लक्षात येत नाही. क्लिप धरते ती एका ठिकाणी. दोन क्लिपांच्या मधल्या जागेत मशीनचा पाय वरची पट्टी पुढे लोटतो आणि खालचे दाते गोधडी मागे ओढतात. मग गोटाला दोरीसारखा पीळ बसतो, तिरप्या सुरकुत्या पडतात, आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. अंतर दीड-दोन इंचांवर आणलं तर त्रास कमी होतो. शिवाय क्लिप सुईखाली येण्याआधी काढावीच लागते, आणि नेमक्या त्या क्षणी पट्टी सुटते.

इथे धावदोरा जिंकतो. जुन्या बायका गोट आधी कच्चा घालून घेत, ते उगीच नाही. दोरा पट्टीला सलग धरतो, त्यामुळे मधे लोटायला जागाच उरत नाही. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, टाके इंचभर लांबीचे आणि गाठ वरच्या अंगाला ठेवा. मशीनची शिलाई जिथून जाणार त्या रेषेपासून दोरा एक सूतभर बाजूला असू द्या. रेषेवरच घातला तर मशीनचा टाका त्याच्यातून जातो आणि उसवताना दोऱ्याचे तुकडे तुकडे होतात. एका गोधडीला तास-दीड तास जास्त जातो, हे खरं. पण पीळ पडलेला गोट उसवायला त्याहून जास्त जातो.

धुतल्यावर निघून जाणारा पांढरा गोंदही काही जणी वापरतात. बारीक थेंब द्यायचे आणि वरून इस्त्री फिरवून वाळवायचं. सरळ कडेला तो सुरेख बसतो. मात्र जास्त झाला तर सुई चिकट होते, म्हणून आधी चिंधीवर लावून, धुऊन बघा. इस्त्रीने चिकटणारी टेप मला आवडत नाही. ती कायमची राहते आणि गोट कडक होतो, पांघरताना गळ्याला लागतो.

घरातले कपडे वाळत घालायचे चिमटे चालतील का, असं विचारतात. हाताने शिवताना चालतात, पण ते बोजड, दोरा त्यात सारखा अडकतो. त्यापेक्षा शाळेच्या मुलींच्या केसांतल्या, टक्कन मिटणाऱ्या चपट्या क्लिपा कितीतरी बऱ्या. फक्त गंजलेल्या नसाव्यात.

तेव्हा एखादीच गोधडी करायची असेल तर काही विकत आणू नका, सुई-दोरा काढा. ऑर्डरची कामं घेत असाल आणि शेवटची बाजू हाताने शिवत असाल तर क्लिपा घ्या. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच भरतो, पण एका वेळी एकच बाजू धरायची असते. 90 इंचांच्या बाजूला तीन-तीन इंचांवर तीसेक क्लिपा लागतात, म्हणजे 50 चा एक डबा पुरतो. सगळं मशीनवर उरकणाऱ्यांनी क्लिपांवर सरळ कड धरून आधी धावदोरा घालावा, आणि मगच मशीनला बसावं. कोपऱ्याला मात्र कोणत्याही पद्धतीत दोन टाके हातानेच घाला. तिथे पट्टीचे थर एकावर एक येतात, क्लिप निसटते आणि घडीचं टोक आत वळून बसतं.