भाड्याच्या मधुपेट्या : कांदा बीजोत्पादनातील अनुभव

जालना जिल्ह्यातील आमच्या एकरभर कांदा बीजोत्पादनासाठी यंदा परागीभवनासाठी मेलिफेरा (पाळीव युरोपीय) मधमाश्यांच्या चार पेट्या भाड्याने घेतल्या. वसाहती जोमदार होत्या. मात्र पुरवठादाराने त्या कांद्याचे गोंडे (फुलांचे गुच्छ) उमलण्याच्या आठवडाभर आधीच आणून ठेवल्या आणि तेवढ्यात माश्यांनी शेजारची करडई गाठली. मधमाशी स्पर्शिकांनी वास टिपते आणि त्यापाठोपाठ मकरंद मिळाला की दोहोंची सांगड पक्की लक्षात ठेवते. प्रयोगशाळेत तर असा शिकलेला वास येताच, साखरपाणी समोर नसतानाही, ती सोंड बाहेर काढते. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम अधिक असल्याने तो तिला फारसा रुचत नाही. पेटीच्या दारात बसून पाहिले, तर परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर करडईच्या परागाचे पिवळे गोळे होते. तक्रार केल्यावर पुरवठादाराच्या माणसाने कांद्याची फुले रात्रभर पाकात बुडवून तो पाक पेट्यांत ठेवला. पाच-सहा दिवसांत गोंड्यांवर वर्दळ वाढली. अर्थात तोवर फुलोराही वाढला होता, त्यामुळे सारे श्रेय पाकाला देणार नाही. पुढील हंगामात पेट्या पुन्हा घेईन, परंतु दहा टक्के गोंडे उमलल्यावरच, आणि तशी अट पावतीवर लिहून घेऊन.