न बसवलेला पंप आणि चौदा हजारांचं बिल

गाडी पिकअप घेत नाही, एवढीच तक्रार होती. त्यावर पुण्यातल्या एका गॅरेजने माझ्याकडून १४,२०० रुपये घेतले. त्यातले ८,९०० ज्या फ्युएल पंपाचे होते, तो पंप गाडीत कधी बसलाच नव्हता. गॅरेजचं नाव लिहीत नाही. फसवलं कसं ते लिहितो, म्हणजे गाडी टाकायच्या आधी काय बघायचं ते कळेल.

चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास पळालेली. उभी असताना इंजिन एकदम शांत. सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर शंकाही येऊ नये. पण तिसऱ्या-चौथ्या गिअरात पाय दाबला की आधी गचके, मग क्षणभर दमच नाही, आणि मग एकदम उचल. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायची म्हणजे मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या. जोर दिला की चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवली आणि म्हणाला, "साहेब, पंप वीक झालाय. लोडवर पेट्रोलच पोचत नाही. घाटात फॅमिलीसकट अडकाल." हे सहज पटतं, कारण त्यात तथ्य आहे. पंपाचा दाब कमी पडला तर गाडी अशीच जोर लावताना अडखळते. पण फिल्टर चोंदला, हवेचा सेन्सर मळला किंवा प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल कमजोर झाली, तरीही तशीच अडखळते. त्यामुळे मोजल्याशिवाय कारण ठरत नाही. या पठ्ठ्याने दाब मोजायचा गेज हातात घेतला नाही की गाडी चालवून बघितली नाही. वर त्याने स्कॅनरमधून दोषाचे सगळे कोड पुसून टाकले. कोड पुसले की दिवा विझतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण दोष नोंदला गेला तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, लोड किती होता, ही कोडसोबत साठवलेली माहितीही पुसली जाते. पुढच्या मेकॅनिकला मग काहीच धागा उरत नाही.

बिल साध्या कागदावर पेनने लिहिलेलं. पंप ८,९००, इंजेक्टर क्लीनिंग २,२००, चार प्लग १,१००, मजुरी २,०००. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. जुना पंप मागितला तर एका कळकट पिशवीतून एक पंप काढून दाखवला आणि "स्क्रॅपला जातो" म्हणून परत आत ठेवला.

गाडी मात्र सुधारली! पुढचे काही आठवडे छान पळाली, आणि खरी मेख इथेच होती. प्लग त्याने खरंच बदलले होते. जुन्या प्लगची टोकं झिजून फट वाढली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा तर आणखीच. कमजोर कॉइल तिथे हात टेकते. नवे प्लग आले, फट कमी झाली, तेव्हा तीच मरायला टेकलेली कॉइल थोडे दिवस निभावून गेली. म्हणजे गुण आला अकराशेच्या प्लगांनी आणि श्रेय घेतलं न बसवलेल्या पंपाने.

गचके परत सुरू झाले तेव्हा मी वाईला बहिणीकडे होतो. तिथल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांना गाडी दाखवली. त्यांनी आधी गाडीत बसून चढावर चक्कर मारायला लावली, स्कॅनर चालूच ठेवून. आकडे मलाही दिसत होते. पाय दाबला की तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न जळताच गेलेले फेरे, भराभर वाढायचे, बाकी तिघांचे शून्य. कोड आला पी ०३०३, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पंप कमजोर असता तर एकट्या तिसऱ्याचीच उपासमार कशाला झाली असती? तरी त्यांनी पेट्रोलच्या लाइनला टी जोडून गेज लावला. साडेतीन बार, आणि गचके बसत असतानाही काटा जागचा हलला नाही. मग तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर लावली. पुन्हा चक्कर. आता कोड पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला होता.

"पंप नवा टाकलाय म्हणता?" असं म्हणत त्यांनी मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंप तिथेच आहे. झाकणावर धुळीचा अख्खा थर, स्क्रूंच्या खाचा मातीने भरलेल्या. "मग ही धूळ पण नवीनच टाकली का त्यानं?" झाकण उघडल्यावर पंपाच्या लेबलवर गाडीच्याच वर्षाचा छाप निघाला. काकांनी आणखी एक सांगितलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: या जागेचा पंप खरंच बदलला तर त्या दिवशी तरी गाडीत पेट्रोलचा वास येतोच. मला तो आला नव्हता.

सीटखालचे फोटो मी तिथेच काढले. नवी कॉइल दोन हजारांच्या आत आली, चक्कर-तपासणीसकट मजुरी पाचशे. काका एका गोष्टीवर मात्र रागावले. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटायची नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो, आणि त्याच्या किमतीपुढे हे चौदा हजार काहीच नाहीत. पहिल्या गॅरेजवाल्याने लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल ब्र काढला नव्हता.

पुण्यात परत आल्यावर त्या गॅरेजवाल्याला गाठलं, तर तो आधी म्हणाला, "तुम्ही बाहेर उघडली, वॉरंटी गेली." मी फोटो, यूपीआयची नोंद आणि तो कागद पुढे ठेवला, आणि पक्कं बिल लेखी मागितलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे ऐकल्यावर त्याला अचानक आठवलं की "पोराकडून दुसऱ्या गाडीचं बिल तुमच्यात लागलं असेल." पंपाचे ८,९०० परत आले. इंजेक्टर क्लीनिंगचे आले नाहीत, कारण ते केलं की नाही हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

शेजारचे सांगत होते, त्या गॅरेजात आता पाटी लागली आहे: "जुने पार्ट दाखवले जाणार नाहीत." त्यांची गाडी तिथेच होती. त्याच संध्याकाळी काढून आणली.